पाण्यावर चालणारे पाय कुणाचे?

कॉलेजच्या वसतिगृहात माझा खोलीतला सोबती ख्रिस्ती होता. नगरकडचा. रात्री दिवे गेले की आमचे वाद सुरू व्हायचे. तो म्हणायचा, "येशूने मेलेल्याला उठवलं, म्हणजे तो देव." मी म्हणायचो, "उठवलं हे आम्हीही मानतो, पण अल्लाहच्या हुकमानं उठवलं." इथे वाद संपायचा आणि दोघेही जिंकल्याच्या समाधानात झोपी जायचो. दुसऱ्या वर्षी सुट्टीत त्याची धाकटी बहीण कावीळ होऊन गेली. परत आला तेव्हा तो वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हता. एका रात्री अंधारातच म्हणाला, "लाजरच्या कबरीपाशी येशू रडला असं लिहिलंय. मग त्याला उठवलं. उठवणारा देव असेल. पण रडला कोण? नुसता माणूसच रडला असेल, तर देवाला काय वाटलं ते मला कळायचं कसं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर तो प्रश्न मला तेव्हा माझा वाटलाच नाही. तो त्यांच्या घरातला मामला, असे समजून मी गप्प राहिलो. पुष्कळ वर्षांनी ख्रिस्ती धर्मविचाराचा इतिहास थोडाफार वाचण्यात आला आणि ध्यानात आले की, त्या पोराने अंधारात विचारलेल्या प्रश्नावर मोठमोठ्या धर्मसभा भरल्या होत्या, बिशप हद्दपार झाले होते, ग्रंथ जळले होते आणि एका म्हाताऱ्या साधूची जीभ छाटली गेली होती. आपल्याकडे या वादाची ओळख फार वरवरची आहे. 'ते तीन देव मानतात' एवढ्या वाक्यावर आपण त्यांना वाटेला लावतो. हा लेख त्या वादाचा निवाडा करण्यासाठी नाही. मी साहित्याचा वाचक आहे. एका कथेचे वाचन करताना माणसे कुठे अडली, कुणी नीट वाचले आणि कुणी कथेवर सुरी चालवली, एवढेच मला पाहायचे आहे. (हजरत ईसांना मी इथे शुभवर्तमानांबद्दल बोलताना येशू म्हटले आहे. त्या संहितांमध्ये त्यांचे तेच नाव आहे.)

प्रथम शब्दाबद्दल. 'चमत्कार' हा आपला मराठी शब्द पाहणाऱ्याच्या बाजूचा आहे. पाहणारा चकित झाला, एवढेच तो सांगतो. केले कुणी, कोणत्या बळावर केले, याबद्दल तो मुका आहे. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द वारंवार येतात. एकाचा अर्थ सामर्थ्य किंवा सामर्थ्याचे कृत्य, दुसऱ्याचा अर्थ खूण. पहिला तीन शुभवर्तमानांना प्रिय, दुसरा योहानाला. कुरआनचा शब्द 'आयत', म्हणजे पुन्हा खूणच. 'मोजेजा' हा शब्द आपल्या तोंडी असला तरी तो नंतरच्या विद्वानांनी रूढ केला. समोरच्याला हतबल करणारी गोष्ट, असा त्याचा भाव आहे. सामर्थ्य म्हटले की लगेच विचारावे लागते : कुणाचे? खूण म्हटले की विचारावे लागते : कशाची? ख्रिस्ती परंपरेतला सगळा झगडा पहिल्या प्रश्नाभोवती फिरला. शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर या वाक्याचा कर्ता कोण, हाच तो झगडा.

आता संहिता पाहू. चार शुभवर्तमानांपैकी मार्कचे सर्वांत जुने, असे बहुतेक अभ्यासक मानतात. निवेदक म्हणून मार्क मला फार आवडतो, कारण त्याला सारवासारव करता येत नाही. येशू आपल्या गावी जातात. गावकरी त्यांना सुतार म्हणून ओळखतात आणि नाक मुरडतात. मार्क सहाव्या अध्यायात लिहून मोकळा होतो की, तिथे त्यांना एकही सामर्थ्याचे कृत्य करता आले नाही. मग जणू स्वतःच दचकून पुस्ती जोडतो की, थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरे मात्र केले. हीच घटना मत्तय सांगतो तेव्हा 'करता आले नाही' याचे 'फारशी केली नाहीत' असे होते. एका क्रियापदाचा फेरफार! पण तेवढ्यात 'अशक्त' हा 'अनिच्छुक' झाला. पुढच्या तीन-चारशे वर्षांचा वाद या दोन क्रियापदांच्या फटीत मावतो, असे मला वाटते.

मार्कच्या पाचव्या अध्यायात रक्तस्रावाने बारा वर्षे हैराण झालेली एक बाई गर्दीत मागून येऊन त्यांच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. आपल्यातून सामर्थ्य बाहेर गेले, हे येशूंना अंगात जाणवते. ते वळून विचारतात, कोण शिवले? म्हणजे बरे करणाऱ्यालाच ठाऊक नाही की आपण कुणाला बरे केले! मत्तयाने हा प्रश्नच गाळला. सातव्या अध्यायात बहिऱ्या-तोतऱ्या माणसाच्या कानात ते बोटे घालतात, थुंकी लावतात, वर पाहून उसासा टाकतात. आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या खेपेला माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात. पुन्हा हात ठेवावा लागतो. ही दोन्ही प्रकरणे मत्तय आणि लूक या दोघांनीही घेतली नाहीत. वादळाच्या गोष्टीतली नावेतली उशी एकट्या मार्ककडे आहे. दमलेला माणूस उशीवर डोके टेकून गाढ झोपला आहे. त्याला हलवून उठवतात आणि तो उठून वाऱ्याला दटावतो. झोप आणि दटावणी यांच्यामध्ये मार्क सांधा दाखवत नाही.

आणखी एक साक्ष आहे, तिच्याकडे आपले वाद घालणारे फारसे पाहत नाहीत आणि त्यांचेही पाहत नाहीत. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पेत्राचे पहिले जाहीर भाषण आहे. त्यात पेत्र लोकांना सांगतो की, ही सामर्थ्याची कृत्ये, अद्भुते आणि खुणा देवाने येशूंच्या हातून केल्या. वाक्याचा कर्ता देव. येशू हे करण. उलट योहानाकडे येशू स्वतःच्या शब्दाने, स्वतःच्या अधिकाराने लाजरला हाक मारतात. मात्र त्याआधी वर पाहून प्रार्थना करतात आणि लगेच हेही सांगतात की ही प्रार्थना भोवतालच्या लोकांसाठी. म्हणजे एकाच नव्या करारात तीन व्याकरणे नांदत आहेत : करता न येणारा माणूस, ज्याच्या हातून देव करतो तो माणूस, आणि स्वतः करणारा. कथा म्हणून यात बिघडत काहीच नाही. कथेला विसंगती पेलते. सिद्धांताला पेलत नाही.

चौथ्या शतकात आरियसपंथीयांनी नेमक्या याच जागा पकडल्या. जो रडतो, भुकेला होतो, विचारतो, तो परमेश्वराच्या बरोबरीचा कसा? अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने दिलेले उत्तर वाचण्याजोगे आहे. तो कथेतल्या बारीक वस्तू उचलतो. पेत्राच्या सासूच्या तापाच्या वेळी हात पुढे झाला तो माणसासारखा, ताप उतरला तो देवाच्या रीतीने. जन्मांध माणसाच्या डोळ्यांवरची थुंकी माणसाची, दृष्टी देणे देवाचे. लाजरला मारलेली हाक माणसाच्या गळ्यातून आली, उठवणे देवाकडून. इथे अजून फाळणी झालेली नाही. प्रत्येक कृत्यात दोन्ही आहेत, शरीर आणि सामर्थ्य, आणि सामर्थ्य शरीरातूनच वाट काढते. तो उत्तम वाचक होता, हे त्याच्या पंथाबाहेरच्या माणसानेही मान्य करायला हरकत नाही.

पाचव्या शतकात घर दुभंगले. अंत्युखिया नगरीच्या परंपरेत वाढलेल्या नेस्टोरियसला भीती होती की, देवाला भूक, झोप, मरण चिकटवले तर देवाचे देवपण उरणार नाही. अलेक्झांड्रियाच्या सिरिलला उलट भीती होती की, असे वेगवेगळे करत गेलो तर हाती दोन येशू राहतील, एक चमत्कार करणारा आणि एक मार खाणारा. सिरिलच्या कारभाराबद्दल चांगले बोलण्यासारखे थोडेच आहे. राजकारणात तो निर्दय होता. पण ४३० साली त्याने नेस्टोरियसला पाठवलेल्या बारा कलमांमधले नववे कलम आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. येशूंनी परक्या सामर्थ्याने, उसन्या आत्म्याच्या बळावर चमत्कार केले, असे म्हणणाऱ्याचा त्यात धिक्कार आहे. सामर्थ्य त्यांचे स्वतःचेच होते, हा आग्रह. आमच्या वसतिगृहातला वाद तो हाच! मी 'हुकमाने' म्हणत होतो, माझा सोबती 'स्वतःच्या बळाने' म्हणत होता, आणि आम्हा दोघांनाही सिरिलचे नाव माहीत नव्हते.

योहानाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात सिरिल विचारतो की, याईराच्या मुलीला नुसत्या शब्दाने उठवता आले असते, मग हात का धरला? नाईन गावच्या विधवेच्या मुलाच्या तिरडीला स्पर्श का केला? त्याचे उत्तर असे की, देहही त्या कामात सहभागी होता, देहालाही जीवन देण्याचे बळ लाभले होते. मला इथे सिरिल आवडतो. हात हा त्याच्या दृष्टीने केवळ हातमोजा नाही.

आता पोप लिओ. ४४९ साली त्यांनी कॉन्स्टँटिनोपलचे बिशप फ्लेव्हियन यांना लिहिलेले पत्र ४५१ साली काल्सेडनच्या सभेत मान्य झाले. एक व्यक्ती, दोन स्वभाव. ना मिसळलेले, ना तुटलेले, असे सूत्र त्या सभेने ठरवले आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व बहुतेक प्रोटेस्टंट आजही ते मानतात. लिओंचे लॅटिन फार घडीव. वाक्याचा एक पाय इकडे, दुसरा तिकडे, तराजूसारखे तोललेले. प्रत्येक स्वभाव दुसऱ्याच्या साथीने आपापले काम करतो, एक चमत्कारांत झळकतो आणि दुसरा अपमान सोसतो, असा त्यांचा आशय. मग ते यादी देतात. भूक, तहान, थकवा, झोप ही उघडच माणसाची. पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घालणे, पाण्यावर चालणे ही उघडच देवाची. मेलेल्या मित्रासाठी कळवळून रडणे एका स्वभावाचे आणि हाकेने त्याला उठवणे दुसऱ्याचे. सभेतच काही बिशपांना, विशेषतः इलिरिकम आणि पॅलेस्टाइनकडच्या, या पत्रातले तीन उतारे खटकले होते. सिरिलच्याच लेखनातून तसेच उतारे दाखवून त्यांचे समाधान करावे लागले.

मलाही ते खटकतात, पण निराळ्या कारणासाठी. लिओ यांच्या यादीत सगळे दुबळेपण माणसाच्या खाती आणि सगळे सामर्थ्य देवाच्या खाती जमा होते. वाक्याच्या डौलाने विचाराला ओढत नेले आहे. तोललेल्या वाक्याला दोन पारडी लागतात, म्हणून घटनेचेही दोन तुकडे झाले. लिओ यांचा तसा हेतू नव्हता. 'दुसऱ्याच्या साथीने' हे शब्द त्यांनी घातलेच आहेत. पण वाचकाच्या लक्षात राहते ती यादी.

या यादीवर सगळ्यात मार्मिक घाव घातला तो सेव्हेरसने. हा ५१२ ते ५१८ या काळात अंत्युखियाचा कुलगुरू होता. काल्सेडनचा कट्टर विरोधक. सम्राट बदलला तेव्हा त्याला इजिप्तमध्ये पळून जावे लागले आणि ५३८ साली तो परागंदा अवस्थेतच वारला. एका पत्रात तो लिओ यांच्या यादीतली एकच बाब घेतो, पाण्यावर चालणे. हे कुणाच्या खाती घालायचे, असे तो विचारतो. समुद्रावरून चालणे माणसाच्या स्वभावात नाही. पण पाय वापरणे देवाच्या स्वभावात कुठे आहे? देवाला पाय नसतात. मग ती पावले कुणाची? कृत्य एकच आहे आणि ते चिरता येत नाही.

हा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. साहित्याच्या टीकाकाराला यापेक्षा वेगळे काय करायचे असते? एवढे बलाढ्य पत्र, सगळ्या साम्राज्याने डोक्यावर घेतलेले, आणि हा गृहस्थ कथेतले दोन पाय दाखवतो. मी त्यात माझी एक भर घालू इच्छितो. मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात पेत्रही नावेतून उतरतो आणि काही पावले पाण्यावरून चालतो, मग वारा पाहून घाबरतो आणि बुडू लागतो. पेत्र तर निखळ माणूस, मासे धरणारा. पाण्यावर चालणे ही देवाच्या स्वभावाची खूण मानली, तर पेत्राच्या त्या चार पावलांचे काय करणार? निवेदक आपल्याला हेच सुचवत असावा की, पाण्यावर चालणे हा मुद्दाच नव्हे. कुणाकडे पाहत चाललात, हा मुद्दा.

सेव्हेरसचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. ५३६ साली जस्टिनियन सम्राटाने त्याची पुस्तके जाळण्याचा आणि ती नकलून घेणाऱ्याचे हात तोडण्याचा हुकूम काढला. त्यामुळे त्याचे मूळ ग्रीक लेखन बहुतांशी नष्ट झाले. उरले ते सिरियाक भाषांतरात. भाषांतरकारांवर आपण सगळेच अधूनमधून डाफरत असतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

सातव्या शतकात हा वाद आपल्या ओळखीच्या माणसांपर्यंत येतो. सीरतच्या पुस्तकांत ज्याचा उल्लेख हिरकल म्हणून येतो, ज्याला पैगंबरांनी पत्र पाठवले, तोच सम्राट हेराक्लियस. इराण्यांकडून सीरिया, इजिप्त परत मिळवल्यावर तिथल्या काल्सेडनविरोधी प्रजेला चुचकारणे त्याला भाग होते. तोड निघाली ती अशी : स्वभाव दोन असोत, पण क्रियाशक्ती एकच म्हणू या. सेव्हेरसच्या अनुयायांना त्यात आपले पाय सापडले असते. ६३३ साली अलेक्झांड्रियात समेटही झाला. त्याला विरोध केला सोफ्रोनियस नावाच्या दमास्कसच्या साधूने, जो पुढे जेरुसलेमचा कुलगुरू झाला. ६३७-३८च्या सुमारास ज्याने जेरुसलेम हजरत उमरच्या स्वाधीन केले, तोच हा सोफ्रोनियस. आपल्या इतिहासात तो एका दृश्यापुरता येतो, नगर सोपवतो आणि निघून जातो. त्याच्या मनात त्या वर्षांत दुसरी कोणती लढाई चालू होती, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

सोफ्रोनियस आणि त्याचा सहकारी मॅक्सिमस यांचे म्हणणे मला आधी कोरडे वाटले होते. क्रिया एक की दोन, यात एवढे काय? मग ध्यानात आले की, पणाला लागला होता माणूस. क्रियाशक्ती एकच आणि तीही देवाची असेल, तर येशूंमधला माणूस काहीच करत नाही, तो नुसता ओढला जातो. गेथशेमाने बागेत घाम गाळून 'हा प्याला टळो' म्हणणारा आणि मग राजी होणारा कोण? मॅक्सिमस तापून लाल झालेल्या तलवारीचा दाखला देतो. ती कापते ते पोलाद म्हणून, जाळते ते आग म्हणून. पण तिचे कापणे जाळत कापणे असते आणि जाळणे कापत जाळणे. वार एकच. दोन्ही धर्म शाबूत. सेव्हेरसच्या पायांना मिळालेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे, आणि गंमत अशी की, ते उत्तर सेव्हेरसच्या पुष्कळ जवळचे आहे. मॅक्सिमसचे मोल मात्र भयंकर होते. ६६२ साली ऐंशीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्याची जीभ आणि उजवा हात तोडून त्याला काळ्या समुद्रापलीकडे लाझिकात धाडले. तिथे तो त्याच वर्षी वारला. बोलू नये म्हणून जीभ, लिहू नये म्हणून हात.

अठरा वर्षांनी, ६८०-८१ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या सहाव्या सभेने त्याचेच म्हणणे मान्य केले : दोन स्वभाव, दोन इच्छा, दोन क्रियाशक्ती. त्या सभेत एक प्रसंग घडला. एखाद्या कादंबरीकाराच्या दृष्टीस तो कसा पडला नाही, याचे मला नवल वाटते. पॉलिक्रोनियस नावाचा एक म्हातारा साधू पुढे आला. हरलेल्या पक्षाचा. तो म्हणाला, तुम्ही कागदांवर काय भांडता? मी माझ्या श्रद्धेचा कबुलीजबाब लिहून प्रेतावर ठेवतो. मेलेला उठला तर माझे खरे. सभेने परवानगी दिली! २६ एप्रिल ६८१ रोजी लोकांसमक्ष प्रेत आणले गेले, त्याच्या छातीवर कागद ठेवला गेला आणि तो म्हातारा तासन्‌तास प्रेताच्या कानाशी पुटपुटत राहिला. प्रेत उठले नाही. शेवटी त्याने कबूल केले की मला उठवता येत नाही, पण मत मी बदलणार नाही. सभेने त्याला पदच्युत केले.

चमत्कारामागे कोण, हे ठरवण्यासाठी चमत्काराचीच साक्ष काढली गेली आणि चमत्कार गप्प बसला. विजयी पक्षाचे लोक त्या दिवशी हसले असतील. पण त्यांच्यापैकी कुणी आपला कागद प्रेतावर ठेवून पाहिला नाही.

आता आपल्या घराकडे वळू. सूरह मायदाच्या ११०व्या आयतीत अल्लाह हजरत ईसांना उद्देशून त्यांच्या खुणा मोजतो. मातीपासून पक्ष्याचा आकार करणे, त्यात फुंकर घालताच तो पक्षी होणे, जन्मांधाला आणि कोडी माणसाला बरे करणे, मेलेल्यांना बाहेर काढणे. आणि 'माझ्या परवानगीने' हा शब्दसमूह एकाच आयतीत चार वेळा येतो. आपले प्रवचनकार या चार वेळांवर भर देतात, तो योग्यच आहे. पण वाक्यांची रचनाही पाहावी. प्रत्येक ठिकाणी क्रियापदाचा कर्ता 'तू' आहे. तू घडवतोस, तू फुंकतोस, तू बरे करतोस. मातीला आकार देण्यासाठी जे क्रियापद आले आहे, ते निर्माण करण्याचे आहे. कृत्य माणसाकडून काढून घेतलेले नाही, फक्त त्याचा उगम दाखवला आहे. पेत्राच्या भाषणातले व्याकरण याच्या शेजारी ठेवले, तर दोन संहितांमधले अंतर आपण समजतो तेवढे राहत नाही. राहते ते सिरिलच्या नवव्या कलमापाशी. तिथे मात्र वाट फुटते, आणि ती फुटते हे प्रामाणिकपणे म्हणावे.

मातीच्या पक्ष्यांची गोष्ट चार शुभवर्तमानांत नाही. थोमाच्या नावावर चालणाऱ्या बालपणीच्या गोष्टींच्या एका जुन्या ख्रिस्ती पुस्तकात ती आहे. पाच वर्षांचे येशू शब्बाथच्या दिवशी बारा चिमण्या करतात आणि टाळी वाजवताच त्या उडतात. तिथे ना प्रार्थना, ना परवानगी. लहान मुलाची बेफिकिरी आहे. टाळी आणि फुंकर यांतला फरक पुष्कळ काही सांगतो.

अब्बासी काळात हे सगळे समोरासमोर बोलले गेले. ७८१-८२च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा अल-महदी आणि पौर्वात्य सिरियाक चर्चचा प्रमुख तिमोथी यांच्यात दोन दिवस चर्चा झाली. ज्यांना लोक नेस्टोरियन म्हणत, त्यांचा हा कुलगुरू. अर्थात वृत्तांत तिमोथीचा, तेव्हा चांगली वाक्ये त्याच्या वाट्याला जास्त आली असणार! पण खलिफाचे प्रश्न नेमके आहेत : येशूंनी इबादत केली, तर ते देव कसे? तिमोथी म्हणतो, माणूस म्हणून केली. शेवटी तो एक दाखला देतो. अंधाऱ्या घरात मध्यरात्री मोती पडला आहे. सगळे चाचपडतात. कुणाच्या हाती मोती, कुणाच्या काच, कुणाच्या खडा. उजाडेपर्यंत प्रत्येकाला वाटते मोती माझ्याकडे. खलिफा म्हणतो, मोती आमच्याकडे आहे अशी आम्हाला आशा आहे. तिमोथी 'आमेन' म्हणतो, आणि त्यात आम्हालाही वाटा मिळो अशी पुस्ती जोडतो. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला मूर्ख समजत नाही. आजच्या आपल्या मुनाजऱ्यांच्या ध्वनिफिती आणि सीड्या ऐकल्या की हा वृत्तांत परत वाचावासा वाटतो. तिथे सगळा भर दुसऱ्याच्या पुस्तकातले वाक्य त्याच्याच अंगावर फेकण्यावर असतो. 'येशूला अमुक ठाऊक नव्हते, बघा तुमच्याच ग्रंथात आहे!' अहो, ते वाक्य त्यांनी दीड हजार वर्षे आपल्यापेक्षा जास्त बारकाईने वाचले आहे.

मराठीत हा प्रश्न फारसा रुजला नाही, याचे एक कारण आपल्या कानाची सवय असावी. फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. ओवीबद्ध, जवळपास अकरा हजार ओव्यांचे. येशूंची कथा पुराणाच्या साच्यात आली, हे मराठीचे भाग्यच. पण पुराण ऐकणाऱ्याच्या मनात 'लीला' हा शब्द तयार असतो. देव दमला, तर ती लीला; देव रडला, तर तीही लीला. दमणे खरे की नाटक, असा प्रश्न त्या कानाला पडत नाही. काल्सेडनचे सगळे पक्ष, लिओ, सेव्हेरस, मॅक्सिमस, एका गोष्टीवर एकमताचे होते की, थकवा खरा होता. लीलेला कुणीच जागा दिली नव्हती.

आधुनिक युरोपने प्रश्नच बदलला. १७४८ साली ह्यूमने आणि १८३५ साली श्ट्राउसने विचारले की, हे घडले तरी का? तो वाद निराळा आहे आणि त्यावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. जुना वाद मात्र विझला नाही, तो शब्दकोशात जाऊन बसला. 'स्वभाव' या अर्थी ग्रीकांचा 'फ्युसिस', सिरियाकांचा 'क्याना'; त्याहून अवघड 'हुपोस्टासिस' आणि 'क्नोमा', ज्यांचे माप एकमेकांना कधीच नीट बसले नाही. १९७३ साली पोप सहावे पॉल आणि कॉप्ट चर्चचे पोप शेनूदा तिसरे यांनी, १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल आणि असिरियन चर्चचे मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त निवेदनांवर सह्या केल्या. आपण निराळ्या शब्दांत एकाच येशूंवरची श्रद्धा सांगत होतो, असा दोन्हींचा मथितार्थ. केरळातल्या सिरियन परंपरेच्या एका शाखेत सेव्हेरस आजही संत आहे, दुसरीत लिओ. दोन्ही देवळे कधीकधी एकाच रस्त्यावर असतात.

राहिला माझ्या सोबत्याचा प्रश्न. मी त्याचे उत्तर या सगळ्या पंडितांकडे शोधले. लिओ यांचे उत्तर साफ आहे : रडला तो माणूस. माझ्या मित्राला हेच उत्तर नको होते. सिरिल म्हणेल की, 'तो' एकच आहे, म्हणून अश्रूही त्याचेच, देवाचेच. पण दैवी स्वभावाला दुःखाचा स्पर्श झाला का, असे रेटून विचारले तर सिरिललाही अडखळावे लागते. देवाने देहाचे दुःख आपले म्हटले, स्वतः मात्र दुःखी झाला नाही, इथवरच तो येतो. मॅक्सिमसची तलवार इथेही चालवून पाहिली. रडत उठवणे आणि उठवत रडणे. योहानाने ते तसेच लिहिले आहे. अश्रू आधी, हाक नंतर, मध्ये दगड बाजूला करा म्हणणे आणि मार्थाचे ते वाक्य की आता दुर्गंधी येत असेल, चार दिवस झाले. उठवणार हे ठाऊक असून तो रडला, हे योहानाला मुळीच विचित्र वाटत नाही.

मागच्या रमजानमध्ये त्याचा फोन आला होता. तो आता निवृत्त आहे, नातवंडांत रमतो. मी त्याला सेव्हेरसचे पाय सांगितले. तो हसला आणि म्हणाला, पायांचं राहू दे, अश्रूंचं काय म्हणतो तुझा तो सेव्हेरस? मी म्हटले, शोधतो.

शोधतो आहे.